नंबर नसलेली गारगोटी

"हणमंतराव, माझी एक गारगोटी सापडत नाही."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गॉगल कपाळावर चढवलेला, नाक लालभडक, आणि पायांत बूट तसेच. एरवी बूट घालून कुणी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण बाईंचा चेहरा बघितला आणि बुटांचं विसरून गेलो. मी कणीक मळत होतो.

"कितवा नंबर?" मी विचारलं.

"तिला नंबर नाही."

माझे हात कणकेतच थांबले.

"नंबर नाही म्हणजे? तुमच्या चाळीसच्या चाळीस गारगोट्यांपाशी पत्र्याचे बिल्ले आहेत की."

"एकेचाळीस आहेत. एक मी कुणाला सांगितलीच नव्हती." बाई स्टुलावर बसल्या. "हात लावू नका म्हटलं की माणसं हमखास हात लावून बघतात. म्हणून बिल्लाही लावला नाही. आज उचलायची होती. गेले तर नुसता खळगा."

मी खाली मान घालून कणीक तिंबायला लागलो. कारण ती गारगोटी कुठं होती ते मला ठाऊक होतं. चारच दिवसांपूर्वी मी ती माझ्या हातानं तळ्यात सोडली होती.

मी हणमंत डुबल, मूळचा कराडचा. पंधरा वर्षं फौजेच्या लंगरात पोळ्या भाजल्या, पेन्शन घेतली, आणि मग डोक्यात काय वारं शिरलं कोण जाणे, अंटार्क्टिकाला आचारी म्हणून गेलो. ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या लोकांना अजून वाटतं की मी तिथं बर्फाच्या घरात राहत होतो. अहो, आमच्या स्टेशनच्या आसपास बर्फाचं नावसुद्धा नव्हतं. नुसता खडक, वाळू, मधे मधे निळीशार तळी. बर्फ लांब क्षितिजाला. झाड नाही, गवत नाही, मुंगी नाही. पहिले आठ दिवस मला रडूच यायचं बाकी होतं.

डॉक्टर कुमुदिनी पेठे पुण्याच्या. वय एकोणसाठ. चोवीस माणसांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दुपारचा चहा त्या माझ्याकडे प्यायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायचो. एकदा मला त्या उतारावर घेऊन गेल्या. एक पांढरी गारगोटी उचलून पालथी केली. लहानपणी आपण ठिणग्या काढायचो तसलीच, पण नारळाएवढी. खालच्या अंगाला हिरवा डाग होता, रुपयाएवढा.

"शेवाळ," त्या म्हणाल्या. "गारगोटीतून उजेड खाली झिरपतो. वारा लागत नाही, जराशी ओल धरते. एवढ्या मोठ्या मुलखात यानं राहायला एवढीशी जागा शोधली आहे."

"आणि पाणी नाही मिळालं तर मरत असेल."

"वाळतं. काळं खरकटं चिकटल्यासारखं दिसतं. वर्षानुवर्षं तसंच पडून राहील, आणि पाण्याचा थेंब पडला की घटकाभरात हिरवं. ते मरत नाही हणमंतराव, झोपतं."

पण मरत होतं. त्या उतारावरच्या चाळीस गारगोट्या बाई सोळा वर्षं दर उन्हाळ्यात उचलून बघत होत्या, कधी स्वतः, कधी विद्यार्थी पाठवून. पहिल्या वर्षी चाळीसही हिरव्या होत्या. त्या वर्षी तीन उरल्या होत्या. जानेवारी संपता संपता त्या जहाजावर चढणार, आणि घरी गेल्या की निवृत्त. त्यात स्टेशनच्या डिझेलच्या टाक्यांची जागा खचत चाललेली. आमचे प्रमुख रावतसाहेब तीन वर्षं मागे लागले होते की टाक्यांना तो उतार द्या, आसपास तेवढीच सपाट करण्याजोगी जागा आहे. बाई सही करत नव्हत्या. या उतारावर जीव आहे, म्हणायच्या.

एकदा चहा पिता पिता त्या म्हणाल्या होत्या, "मला कधी कधी वाटतं, मीच मारतेय यांना. दरवर्षी उचलायचं, पालथं करायचं, फोटो काढायचा. तान्ह्या पोराला सारखं पाळण्यातून उचलून बघितलं तर ते झोपेल का?" आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी विषय बदलून थालीपिठाचं काढलं.

त्याच पंधरवड्यात माझे वडील गेले. थोरल्या भावाचा, अण्णाचा, उपग्रहाच्या फोनवर फोन आला. आवाज यायचा, जायचा.

"हणमंता, आबा गेले रे. पहाटे. तुझं नाव घेत होते."

"मी काय करू अण्णा? इथून विमानसुद्धा नाही."

"काही करू नकोस. मी आहे इथं." थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग म्हणाला, "एक कर. तिथला एक दगड घे. जीवखडा समज. रोज तिळाचं पाणी सोड, आणि दहाव्याला पाण्यात सोड. आबांना पोचेल."

जीवखडा म्हणजे चितेपाशी उचललेला खडा. दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्यात आहे असं मानायचं, मग पाण्याच्या स्वाधीन करायचं. आमच्याकडं तो थोरला धरतो. पण अण्णानं माझ्यासाठी दुसरा करायला सांगितला, एवढं मोठं मन होतं त्याचं. तीळ संक्रांतीसाठी आणलेले होतेच. सुतकात मी चोवीस माणसांना जेवू घालत होतो, ते वेगळंच.

दगडासाठी मी बाहेर पडलो. आजूबाजूला सगळा काळाकुट्ट खडक. आबांसाठी काळा दगड घ्यायचं मनाला येईना. आबा म्हणजे फौजी माणूस, ताटाला डाग दिसला तर ताट भिरकावणारा. पांढऱ्या गारगोट्या होत्या फक्त बाईंच्या उतारावर. मी गेलो. एकेक बिल्ला बघत गेलो. म्हटलं, हणमंता, बाईंच्या कामाला धक्का लावायचा नाही. कडेला एक गारगोटी होती, सगळ्यांत देखणी, दुधासारखी. तिच्यापाशी बिल्ला नव्हता. तीन तीनदा बघितलं, आसपासची वाळू चाचपली. नव्हता. मग उचलली. मी ती चोरली नाही हो, निवडून घेतली! नंबर नव्हता म्हणूनच घेतली!

कोठारघरात धान्याच्या पोत्यांमागं तिला ठेवली. आधी घासून लख्ख केली, मग दहा दिवस पाणी सोडलं. दहाव्याला भात आतच केला, कारण बाहेर अन्नाचं शीतसुद्धा टाकायची बंदी होती. मग तळ्यावर गेलो. उन्हाळ्यात तळ्याच्या काठचं बर्फ सुटतं, तिथं खोल पाणी होतं. आबा, आता जावा, म्हटलं, आणि सोडली. त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली.

आणि आता बाई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या.

"एवढं काय होतं त्या एका गारगोटीत?" मी विचारलं. आवाज चोरासारखा निघाला.

"पहिल्या वर्षी तिचा खालून फोटो काढला, होती तशी ठेवली. त्यानंतर सोळा वर्षं कुणीही हात लावला नाही. आता शेवटी एकदाच उचलायची. ती हिरवी निघाली तर गेलेल्या या सदतीस मी मारल्या, माझ्या हातांनी. तीही पांढरी पडली असेल तर माझा दोष नाही, सगळा उतारच मरतोय. एका दगडावर शास्त्र उभं राहत नाही, लोक हसतील. पण मला कळलं असतं. आणि रावतना काय उत्तर द्यायचं तेही कळलं असतं."

"म्हणजे?"

"उतार मेला असेल तर अडवून काय ठेवायचं? सही करून टाकीन."

त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. फौजेत अधिकाऱ्याच्या तोंडावर बोलायचो मी, पण त्या बाईपुढं माझी बोबडी वळली. म्हटलं, "वाऱ्यानं घरंगळली असेल." बाई उठून गेल्या.

दोन दिवस त्या उतारावर गुडघ्यांवर फिरत होत्या. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे शोधणारा माणूस थांबतच नाही. मी डबा पाठवायचो, तो तसाच परत यायचा. खिडकीतून त्यांची लाल टोपी दिसायची. इकडून तिकडं, पुन्हा तिकडून इकडं. तिसऱ्या दिवशी माझ्याच्यानं बघवेना. गॅस बंद केला आणि गेलो.

"बाई, उठा."

"थांबा, हा कोपरा राहिलाय."

"बाई, गारगोटी मी घेतली."

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. आबा, अण्णाचा फोन, बिल्ला नव्हता ते, तीळ, तळं. सांगता सांगता मला रडू फुटलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्या हळूच उठल्या, हातमोजे काढले, आणि माझ्या दंडाला धरून मला एका खडकावर बसवलं.

"वडिलांसाठी घेतलीत," त्या म्हणाल्या. "बिल्ला मी लावला नाही. तुम्ही तरी काय करणार?" मग एकदम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "हणमंतराव, नीट आठवा. तुम्ही ती उचललीत. खालचं अंग बघितलंत ना?"

"बघितलं."

"या जगात ते बघितलेला माणूस आता एकटे तुम्ही. कसं होतं? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. जे होतं ते सांगा."

काय होतं सांगू? हिरवंगार होतं. त्यांनी मला दाखवला तसला रुपयाएवढा डाग नाही, सबंध तळवाभर. कोथिंबिरीची जुडी वाटून थापावी तसा थर होता. मी तो दात घासायच्या नव्या ब्रशानं अर्धा तास घासला होता. दोन किटल्या गरम पाणी लागलं होतं. पाणी हिरवं हिरवं मोरीत जात होतं आणि मी शेवाळाला शिव्या घालत होतो, कारण माझ्या आबांचा दगड स्वच्छ हवा होता. बाईंचं शेवाळ नंबरवालं, हे आपलं रानटी, इतकंच माझ्या डोक्यात.

बाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या. हिरवी म्हटलं तर या बाईनं सोळा वर्षांत सदतीस जीव आपल्या हातांनी मारले, हे त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं होतं. घरी जाऊन पुढची सगळी वर्षं त्या काय, हात बघत बसणार? मला ते चहाच्या वेळचे डोळे आठवले. आणि उताराचं काय हो, दगडधोंडे! टाक्या येईनात का तिथं. माणूस महत्त्वाचं.

"पांढरी होती बाई," मी म्हटलं. "कोरी."

"धुतलीत तेव्हा पाण्याला रंग आला?"

"छे. माती निघाली थोडी."

"नक्की?"

"आबांची शप्पथ."

मी मनात म्हटलं, बाई सुटल्या. आता सुस्कारा टाकतील. पण त्यांचा चेहरा घरून तार आल्यावर माणसाचा होतो तसा झाला. त्यांनी दोन्ही हात वाळूवर टेकले.

"मला वाटत होतं ती हिरवी असेल," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं मी एवढीच आशा धरून होते."

"अहो पण हिरवी असती तर दोष तुमच्यावर..."

"असू दे ना माझ्यावर! मी काय, आज आहे उद्या नाही. मी हात काढून घेतला असता की हे सगळं पुन्हा जगलं असतं. मला तेच हवं होतं हो. माझ्यामुळं मेलं असतं तर बरं झालं असतं."

तिथल्या तिथं सांगायचं होतं ना, की बाई, खोटं बोललो. पण आबांची शप्पथ घेतली होती, सुतक फिटून आठवडा नव्हता झाला. आणि एवढं खोटं उघडं पाडायला जी छाती लागते ती माझ्यापाशी नव्हती. त्या उठल्या आणि स्टेशनकडं चालू लागल्या, बिल्ल्यांमधून, पाय कुठं पडतोय ते न बघता. सोळा वर्षांत त्या तशा कधी चालल्या नव्हत्या.

संध्याकाळच्या जेवणाआधी त्यांनी सही केली. रावतसाहेबांनी हिंदीत आभार मानले, भला माणूस होता तो. जहाज निघायच्या आत बुलडोझर परत करायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशीच काम धरलं.

सकाळी चहा ओतत होतो आणि इंजिनाचा आवाज आला. हातातली किटली तशीच ठेवून पळालो. बाई उताराच्या वरच्या अंगाला उभ्या होत्या.

"बाई, थांबवा ते! ती हिरवी होती. हिरवीगार होती. मी खोटं बोललो."

बाईंनी माझ्याकडं वळून बघितलं. रागावल्या नाहीत, उलट हसल्या, आजारी माणूस हसतो तसं.

"हणमंतराव, तुम्ही फार चांगले आहात."

"चांगला कसला, नालायक आहे मी! तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पांढरी म्हटलं. आईची आण."

"काल मी विचारलं तेव्हा काल जे आठवलं ते सांगितलंत. आज मी दुःखी दिसतेय म्हणून उलट सांगताय. काल वडिलांची शप्पथ, आज आईची." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या कामात पहिलं उत्तर धरतात. दुसऱ्यात माया मिसळलेली असते."

"बाई, देवाशप्पथ..."

"पुरे. चहा गार होईल सगळ्यांचा."

मी बुलडोझरपुढं जाऊन उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही. अर्ध्या तासात उतार भाकरीच्या तव्यासारखा सपाट झाला. पांढऱ्या गारगोट्या एका कडेला ढिगात पडल्या होत्या, त्यात पत्र्याचे बिल्ले चमकत होते. चौथ्या दिवशी बाई हेलिकॉप्टरनं जहाजावर गेल्या. जाताना सगळ्यांशी हात मिळवला. मला म्हणाल्या, "पुण्याला आलात की या."

मी मार्चमध्ये घरी आलो. आबांच्या फोटोला हार घातला, अण्णाच्या गळ्यात पडून रडलो, पण ही गोष्ट सांगितली नाही. पाच महिन्यांनी एकदा बायकोनं गॅसची शेगडी घासायला जुना ब्रश मागितला. तिकडची ट्रंक उघडली. दाढीच्या सामानात तो दात घासायचा ब्रश होता. केस वाकडे झालेले, मुळाशी काळं खरकटं चिकटलेलं. मी बघतच राहिलो. मग स्वयंपाकघरात गेलो, पेल्यात पाणी घेतलं, ब्रश उभा केला आणि समोर बसलो. बायको म्हणाली, अहो, शेगडी कधी घासू? चहाला आधण आलं, उतू गेलं, तरी मी बसलेलाच. तासाभरात केसांच्या मुळाशी हिरवं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुणं गाठलं. बाईंनी दार उघडलं. त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी डबी उघडून ब्रश त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला, आतल्या खोलीत गेल्या. भिंगाखाली बघत असाव्यात. खूप वेळ झाला. मी बाहेर खुर्चीच्या कडेला बसलो होतो, हात जोडल्यासारखे मांडीवर धरून.

बाहेर आल्या तेव्हा ब्रश पुन्हा डबीत होता.

"तेच आहे," त्या म्हणाल्या. "किती वेळ घासलंत?"

"अर्धा तास."

"म्हणजे भरपूर होतं."

"भरपूर होतं बाई."

"उतारावर आपण बोलत होतो, तेव्हा हा ब्रश कुठं होता?"

"माझ्या खोलीत. दाढीच्या सामानात." मला हुंदका आवरेना. "शंभर पावलांवर. मला सुचलंच नाही हो!"

बाई खिडकीपाशी गेल्या. माझ्याकडं पाठ करूनच बोलल्या.

"सदतीस माझ्या हातांनी गेल्या. एक तुमच्या. आणि बाकीचं सगळं माझ्या सहीनं. हिशेब लागला, हणमंतराव. इतकी वर्षं तेवढंच तर शोधत होते."

मी म्हटलं, "हे तुम्ही ठेवा. पुरावा आहे." त्यांनी डबी माझ्या हातात परत दिली, माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"कशाचा पुरावा, आणि कुणाला दाखवू? तुमच्या आबांचा दगड घासलेला ब्रश आहे. तुमच्याकडंच राहू दे."

चार वर्षांनी बाई गेल्याचं पेपरात वाचलं. चार ओळी होत्या.

डबी माझ्याकडं आहे. दर वर्षी आबांच्या तिथीला अण्णाकडं जेवून येतो, दार लावून घेतो आणि ब्रशावर पाणी सोडतो. बाईंचं नाव घेऊन सोडतो, तीळही टाकतो. बाईंचं सुतक मला नव्हतं, तरी. मग समोर बसून राहतो. मनात म्हणतो, या वर्षी नको. या वर्षी काळाच राहा, मेलास एकदाचा असं मला दिसू दे, म्हणजे मीही सुटेन.

घटकाभरात तो हिरवा होतो.